दोष चोरीला गेलेल्या निगेटिव्हचा की पटकथेचा?

रानवाट:
इटालियन दिग्दर्शक दामिआनो दामिआनीचा 'अ जीनियस, टू पार्टनर्स अँड अ ड्यूप' (१९७५) हा विनोदी वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकबाजांचा सिनेमा, पाहिला आणि फार हळहळ वाटली. निर्मितीमागे वेस्टर्नचा नामवंत दिग्दर्शक सर्जिओ लिओने, संगीत मोरिकोनेचं, नायक टेरेन्स हिल, चित्रीकरण थेट अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीत. सुरुवातीचा प्रसंग स्वतः लिओनेने घेतलेला आहे, तो बघताना आपण सावरून बसतो. पुढचा सिनेमा मात्र हातातून निसटत जातो.

अमेरिकी घोडदळाचा मेजर कॅबट (पॅट्रिक मॅकगुहान) इंडियन लोकांचा, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा, कट्टर द्वेष्टा. त्याच्याकडचे तीन लाख डॉलर लुबाडायला जो (हिल), बिल (रॉबर्ट शार्लबुआ) आणि ल्युसी (मिउ-मिउ) निघतात. फसवणुकीच्या कथेत डाव काय आहे याची थोडी तरी कल्पना प्रेक्षकाला हवी, तरच तो उलटल्यावर मजा येते. इथे कोण कोणाला कशासाठी फसवतंय हेच बराच वेळ कळत नाही. शिवाय बिल अर्धा इंडियन आहे! कॅबटसमोर तो उभा राहिला की अंगावर काटा यायला हवा होता. पटकथेने ती गोष्ट नुसती हशा पिकवायला वापरली. मला सगळ्यात जास्त हेच खुपलं.

जुनी रीळं:
या सिनेमाची निगेटिव्ह, म्हणजे चित्रीकरणाची मूळ फिल्म, चोरीला गेली होती, हे कसं विसरता? निवडलेले टेक (एकाच प्रसंगाची पुन्हापुन्हा केलेली चित्रणं) गेले आणि उरलेल्या टेकवरून सिनेमा जुळवावा लागला. विनोदात एखादा टेक जरा लांबला तरी हशा मरतो. तुम्ही ज्याला पटकथेचा दोष म्हणताय, त्यातला बराचसा संकलनाच्या टेबलावरचा नाइलाज आहे. अशा सिनेमाकडे थोड्या मायेने बघावं.

रानवाट:
माया आहे, म्हणूनच एवढं लिहिलं. टेक बदलल्याने वेळ चुकेल, अभिनय फिका पडेल, हे मान्य. पण बिलचं आतलं दुःख दाखवणारा प्रसंगच लिहिलेला नसेल, तर चोरांना काय बोल लावायचा?

ताम्रपट:
रानवाटशी सहमत. याच दामिआनीने आधी 'अ बुलेट फॉर द जनरल' केला होता. मेक्सिकन क्रांती, जान मारिया व्होलोन्तेने केलेला दरोडेखोर एल चुंचो, आणि शेवटी त्या गरीब पोराच्या हातात पैसे कोंबत 'भाकरी नको, डायनामाइट घे' असं ओरडणं. राजकारण त्या माणसाच्या रक्तात होतं. त्याला टेरेन्स हिलची खट्याळ विनोदी कथा देणं ही निर्मात्याची चुकीची निवड होती. विनोद हा दामिआनीचा हातखंडा नव्हेच.

जुनी रीळं:
पण काळ बघा ना. १९७० मध्ये 'दे कॉल मी ट्रिनिटी' आला आणि इटलीतल्या प्रेक्षकांना हसवणारा वेस्टर्न हवा झाला. गंभीर वेस्टर्नला तिकीटबारीवर विचारणारं कोण उरलं होतं? आणि क्लाउस किन्स्कीचा सलूनमधला प्रसंग बघून तुम्हाला मजा आली नाही? मोरिकोनेची धून तर दिवसभर कानात राहते.

माळरान:
किन्स्की येतो आणि बघता बघता जातो, तीच तर तक्रार आहे. एवढा नट आणि एवढीशी भूमिका!
आणि विनोद होता म्हणून सिनेमा पडला, हे मला पटत नाही. दोनच वर्षं आधीच्या 'माय नेम इज नोबडी'तही हिल तसाच खोडकर आहे. पण समोर हेन्री फोंडाचा थकलेला बंदूकबाज आहे, त्याला सगळं सोडून युरोपला जायचंय. त्या थकव्यामुळे हिलच्या खोड्यांना वजन येतं. आपल्याकडे १९७५ मध्येच आलेल्या 'शोले'त वीरूचा टाकीवरचा तमाशाही असाच खपून जातो, कारण ठाकूरचं दुःख सतत जवळ असतं. इथे हिलला तोलून धरणारं कोणी नाही. रॉबर्ट शार्लबुआ मुळात क्युबेकचा गायक. माणूस गोड वाटतो, पण फोंडाची जागा त्याला भरता येत नाही. मिउ-मिउच्या वाट्याला तर दोघांच्या मधे उभं राहण्यापलीकडे फार थोडं आलंय.

जुनी रीळं:
मॅकगुहानचा कॅबट आहे की तोलून धरायला! त्याच्या नजरेत खरा विखार आहे.

रानवाट:
विखार आहे, नक्कीच. पण दिग्दर्शक त्याला पुढच्याच क्षणी हास्यास्पद करून टाकतो, त्यामुळे तिघांच्या जिवाची काळजी कधी वाटतच नाही. खलनायकाची भीती गेली की दरोड्यातला थरार कुठून येणार? त्या दऱ्या-कड्यांची दृश्यं आणि मोरिकोनेचं संगीत यांसाठी सिनेमा जरूर बघा. पण लिओनेच्या चाहत्यांनी निगेटिव्हची चोरी पुढे करून पटकथेला सोडून द्यावं, हे मी मान्य करणार नाही.

जुनी रीळं:
आणि ते चोरीला गेलेले टेक बघितल्याशिवाय पटकथेला दोषी ठरवणं मी मान्य करणार नाही.