गुंठे घ्या आणि विसरून जा? मग विसराच!

खोपटे_नाका

उरण-पनवेलकडच्या जमिनींबद्दलच्या 'तिसरी मुंबई : आज 10 गुंठे घ्या, पाच वर्षांत चौपट' या धाग्यावर प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो एवढा लांबला की वेगळा धागाच काढतोय. त्या लेखात जमिनीचा भाव आणि धंदा एकाच पिशवीत कोंबलेत. भाव वाढला, नाही कोण म्हणतो? 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल गेली, डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. पण सुरुवातीला 'व्यवसायाची संधी' लिहायचं आणि आत बंगलो प्लॉट विकायचे, ही कसली संधी?

गोदामाचंच गणित घ्या, कारण लेखात 'गोदाम बांधून भाड्याने द्या' असं एका ओळीत उरकलंय. 40 फुटी कंटेनरचा ट्रेलर घोड्यासकट (पुढच्या ओढणाऱ्या गाडीसकट) साधारण 16 मीटर लांब. तो डॉकला (माल चढवायच्या ओट्याला) काटकोनात मागे लावायचा तर समोर निदान 30 मीटर मोकळं आवार हवं. एक एकर चौकोनी असेल तर 63-64 मीटर बाजू. म्हणजे निम्मी जमीन ट्रेलर वळवण्यात गेली. वर अग्निशमन बंब फिरायला वाट, पाण्याची टाकी, बाजूची अंतरं. अडीच-तीन एकरांच्या खाली ट्रेलरचं गोदाम काढूच नये. 10 गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. त्यात ट्रेलर आत जाईल, बाहेर मात्र उलटाच काढावा लागेल.

'रोड टच' हा दुसरा विनोद. कुठला रोड? शिवाररस्ता, वहिवाटीची वाट की मंजूर आराखड्यातला? 12 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मोठा भाडेकरू फिरकत नाही. वाट शेजाऱ्याच्या सर्व्हे नंबरातून जात असेल तर त्याचा नोंदणीकृत हक्क कागदावर दाखवा, तोंडी 'जाऊ देतात हो' नको.

गुंठामंत्री

तो लेख माझाच, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. साहेब, तीन एकर घ्यायला पैसे कोणाकडे आहेत? पगारदार माणसाने काय करायचं, सेतूवरून 250 रुपये टोल भरून समुद्र बघत बसायचं? छोटा तुकडा घेऊन थांबणं हीसुद्धा गुंतवणूकच आहे. 2025 मध्ये तुकडेबंदीत (छोटे तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्यात) सवलती आल्यात, त्याचा तुमच्या लेखात उल्लेखही नाही. शिवाय एमएमआरडीए कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर करतेय, 124 गावं, सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. सरकार एवढा पसारा उगाच मांडतं का?

खोपटे_नाका

पसारा मांडतं म्हणूनच विचारतोय. नैनाच्या (विमानतळाभोवतीच्या सिडकोच्या नियोजन क्षेत्राच्या) नगररचना योजनेत मालकाला 40 टक्के अंतिम भूखंड मिळतो. 10 गुंठ्यांचे झाले 4, आणि ते तिथेच मिळतील असं नाही. हे ग्राहकाला कुठल्या ओळीत सांगितलंत?

गुंठामंत्री

रुंद रस्त्यावरचे, गटार-पाणी असलेले 4 गुंठे आणि चिखलातले 10, यांत जास्त किंमत कशाची? अर्धं सांगू नका.

दप्तर_तपासा

हा मुद्दा गुंठामंत्र्यांचा बरोबर आहे. (लिहिताना हात थरथरला.) पण तो भूखंड मिळणार कोणाला, तर सातबारावर ज्याचं नाव धड आहे त्याला. सवलत तुकड्याच्या व्यवहाराला आहे. सामाईक सातबारावर बारा खातेदार असताना तिघांच्याच सह्या घेतल्या असतील, तर ती चूक कुठल्याही सवलतीने धुतली जात नाही. वारसांत बहिणींची नावं लागलीत का बघा. नुसता साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन 'माझा प्लॉट' म्हणत फिरू नका, खरेदीखत लागतं.

चालू सातबारावर भागत नाही, 30 वर्षांचे फेरफार (नावं कशी बदलली त्याच्या नोंदी) काढा. भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का? 'इतर हक्कां'त कुळकायदा कलम 43 ची शर्त (परवानगीशिवाय विक्री नाही) आहे का? 32म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र मिळून 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा भरून ती निघते. न भरता व्यवहार केला तर अडकलात. कर्जत, खालापूर, पनवेल पट्ट्यात कातकरी, ठाकूर खातेदारांच्या जमिनी आहेत. तिथे आदिवासींच्या जमिनीचं महसूल संहितेतलं कलम 36अ लागतं आणि परवानगीशिवाय झालेला व्यवहार मोडतो. दलाल म्हणतो 'नाव बदललंय जुन्या काळी'. कोणत्या फेरफाराने, ते विचारा. आणि शेतजमीन असेल तर घेणारा स्वतः शेतकरी आहे का? कुळकायदा, कलम 63.

500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची (बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाची) नोंदणीही लागते, तो क्रमांक जाहिरातीत आहे का तेही बघा.

घाटावरचा

एवढे कागद तपासत बसण्यापेक्षा बंदराजवळ सीएफएस (कंटेनर ठेवायचं, भरायचं-रिकामं करायचं आवार) काढावा. न्हावा-शेवा आहे तोवर कंटेनर येतच राहणार.

खोपटे_नाका

दहा वर्षं उशीर झाला. 2016 नंतर थेट बंदरातून माल उचलायची डीपीडी सोय वाढवत नेली. जो डबा सीएफएसमध्ये पडून राहायचा आणि ज्याच्या मुक्कामावर कमाई व्हायची, तो आता सरळ कारखान्यात जातो. कंटेनर वाढले तरी सीएफएसचा वाटा तसा वाढत नाही.

पाया_पक्का

सातबारा स्वच्छ निघाला तरी जमीन खालून कशी आहे, हे कोणी विचारत नाही. उरण-पनवेलची खारजमीन म्हणजे वर भराव, खाली मऊ सागरी चिकणमाती. विमानतळासाठीसुद्धा उलवे टेकडी फोडून, नदी वळवून भराव करावा लागला. तुमच्या एकराचा हिशोब : 4047 चौरस मीटर, 2 मीटर उचलायचे, दाबल्यावरची घट धरून साधारण 10,000 घनमीटर, म्हणजे 3500 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट). हायवा डंपरच्या 5 ब्रासप्रमाणे 700 फेऱ्या. प्रत्येक फेरीची रॉयल्टी पावती ठेवा. विनापरवाना गौण खनिज (माती, मुरूम) निघालं तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि बोजा तुमच्या सातबारावर चढतो, हायवावाल्याच्या नव्हे.

गुंठामंत्री

भराव टाकला, रोलर फिरवला, झालं. सगळा उरण भरावावरच उभा आहे.

पाया_पक्का

नाही झालं! 2 मीटर एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचे 30 सेंटिमीटर दबतात, खाली पोकळच राहतं. 20-25 सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर ओलावा बघून दाबायचा, घनता तपासायची, मग पुढचा. आणि हे फक्त भरावाचं झालं. खालची चिकणमाती भरावाच्या वजनाने वर्षानुवर्षं दबत राहते. ती आधीच दाबून घ्यायची तर मीटर-दीड मीटरवर पीव्हीडी (पाणी वर काढणाऱ्या उभ्या पट्ट्या) खुपसायच्या, वर जादा भार ठेवायचा आणि महिनोन्‌महिने थांबायचं. घाई केली की काय होतं? शेडचे खांब पाइलवर असतात, ते हलत नाहीत. फरशी भरावावर असते, ती बसते. डॉकच्या कडेला पायरी पडते, फोर्कलिफ्ट अडखळते. उंच रॅकमध्ये तर फरशीवर एका मीटरमागे 3 मिलिमीटरचा फरक 10 मीटर उंचीवर 30 मिलिमीटर होतो, रीच ट्रकचा (उंच रॅकच्या फोर्कलिफ्टचा) मास्ट, म्हणजे उभा खांब, रॅकला घासतो. भाडेकरू करार मोडून जातो आणि मालक ठेकेदाराच्या ट्रिमिक्सला (फरशीच्या काँक्रीटला) शिव्या घालत बसतो. आधी 10-12 मीटर खोल बोअर मारून माती तपासा. एकराच्या किमतीपुढे तो खर्च चहापाण्याचा.

खारपट्टी

तुमचा भराव पक्का झाला, वा. पण पाणी कुठे गेलं? या पट्ट्यात बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) आणि उघाड्या (त्यातली पाण्याची दारं) आहेत. ओहोटीला उघाडीतून शेतातलं पाणी खाडीत जातं, भरतीला दार मिटतं. तुम्ही 2 मीटर भराव करून नाला बुजवलात की मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला त्या दिवशी पाणी गावात. शेड कोरडी, घरं ओली! वर म्हणायचं 'भाग विकसित होतोय'. 1984 च्या जानेवारीत जासई-नवघरला गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडायची वाट निघाली. आणि इथे हिशोब चाललाय फोर्कलिफ्टच्या पायरीचा.

गुंठामंत्री

प्रत्येक धाग्यात साडेबारा टक्के आणलेच पाहिजेत का? विषय गुंतवणुकीचा आहे.

खारपट्टी

ज्या जमिनीत गुंतवताय तिचाच विषय आहे. झेपत नसेल तर वाचू नका.

दप्तर_तपासा

दोघेही जरा दमानं. गुंतवणूकदाराच्या भाषेत सांगायचं तर कांदळवनापासून 50 मीटर बांधकाम नाही, भरावही नाही. सातबारावर 'खाजण' किंवा 'खार' दिसलं की सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशा आणि झोन दाखला आधी, विसार नंतर.

पाया_पक्का

खारपट्टींचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. नाला बुजवला की भरावाच्या कडेने पाणी मुरतं, कड ढासळते आणि संरक्षक भिंत बाहेर झुकते. पाइप कल्व्हर्ट (भरावाखालची मोरी) टाकताना तळ मूळ नाल्याच्या तळाएवढाच ठेवा. लोक सोयीसाठी तो वर उचलतात आणि मग पंप लावतात.

गुंठामंत्री

ठीक. 10 गुंठ्यांत गोदाम होत नाही, हरलो, हार घालायला या. आता 10 गुंठ्यांत काय होतं ते सांगा, की ज्ञानदान तीन एकरांपासून पुढेच?

खोपटे_नाका

होतं की. स्वच्छ कागद आणि ट्रेलरच्या रस्त्यापासून चालत जाण्याइतकं अंतर असेल तर चालकांची खानावळ, अंघोळीची सोय, टायर आणि अलाइनमेंट, रीफर (थंड कंटेनर) युनिटची दुरुस्ती. रीफरला प्रत्येकी 32 अँपियरचा थ्री-फेज पॉइंट, चार-पाच पॉइंट आणि जोडीला जनरेटर. आंब्याच्या हंगामात डबा भरण्याआधी युनिटची तपासणी करून घ्यायला लोक रांग लावतात. यात जमीन विकत घ्यायचीही गरज नाही, नोंदणीकृत भाडेपट्टा पुरे. पण मग 'चौपट' लिहिता येत नाही, ही अडचण आहे खरी.

गुंठामंत्री

भाडेपट्टा असेल तर माझी दलाली कुठे? असो. चिरनेर रस्त्याला एक जागा आहे, 11 गुंठे, वर्ग 1, एकच खातेदार. फेरफार पाठवतो दप्तररावांना.

खारपट्टी

फेरफारासोबत नाल्याचा फोटो पण पाठवा. भरतीच्या वेळचा.