मदत हवी आहे: विजेपासून कॅमेरे आणि केबल कशी वाचवायची?

मंडळी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. परवा वळिवाच्या पावसात शेजारी वीज पडली आणि पीओई स्विच (लॅनच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा), एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), गेटवरचा कॅमेरा, सगळं गेलं. मागांना मात्र काही झालं नाही! स्विच उघडला तर गेटच्या केबलचा पोर्ट काळाठिक्कर, पॉवर सप्लाय ठणठणीत. म्हणजे सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) लॅनच्या केबलमधूनच आला असणार. ती ऑफिसपासून गेटपर्यंत कंपाउंडच्या भिंतीवरून उघडीच गेली आहे.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, गेटजवळ वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या. पण दोन अर्थिंग एकमेकांना जोडलेली नसली तर वीज पडल्यावर त्यांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडणार आणि तो केबलमधूनच धावणार ना? त्यापेक्षा धातूची तार नसलेलं फायबर टाकावं असं मला पटतंय. फक्त कॅमेऱ्याला वीज गेटच्या लाइनवरून द्यावी लागेल, म्हणजे तिथेही एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) आलाच.

मेन पॅनेलला टाइप १ एसपीडी (थेट पडलेल्या विजेचा प्रवाह झेलणारा) लावावा की टाइप २ (आसपासच्या विजेमुळे लाइनवर येणारे सर्ज अडवणारा) पुरेल? फायबर जमलं नाही तर लॅनच्या केबलवरचे सर्ज अडवणारे अरेस्टर दोन्ही टोकांना लावायचे का? आणि उन्हाळ्यात इथली जमीन भेगाळते, तेव्हा अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजून देणारं सोलापुरात कोणी आहे का? जूनच्या आत काम उरकायचंय.