तातडीची मदत हवी: घानात गोदामाची जमीन, सही नेमकी कोणाची?

सागर_आंबेगाव: आमच्या कंपनीला घानात गोदाम बांधायचंय. गावच्या ओडिक्रोने, म्हणजे गावप्रमुखाने, रीतीप्रमाणे दारूच्या बाटल्या स्वीकारून होकार दिला, मोजणीही झाली. आता एक जण म्हणतो, ओमानहेनेच्या (त्याच्या वरच्या मोठ्या प्रमुखाच्या) संमतीशिवाय कागदाला किंमत नाही. सोमवारी पैसे भरायचेत. खरं काय?

कुमासीवाला: गाव कुठलं ते आधी लिहा! आशांती भागात ओडिक्रो गावापुरता, त्याच्यावर ओमानहेने आणि सगळ्यांच्या वर असांतेहेने, म्हणजे आशांतींचा राजा. १९९९ पासून ओटुमफुओ ओसेई टुटू दुसरे. आशांतींच्या राजधानीत, कुमासीत, कागद असांतेहेनेंच्या जमीन कचेरीतून जातो, मग सरकारच्या लँड्स कमिशनकडे. तोवर एक पैसा देऊ नका.

नाना_पुणे: म्हणजे आपला गावचा पाटीलच की. त्याला धरून राहा, काम होतं. नाहीतर तिथल्या आमदाराला गाठा.

कुमासीवाला: नाना, पाटीलकी बापाकडून मुलाकडे यायची. अकान लोकांत (आशांती, फान्टे हे त्यातलेच) गादी आईच्या कुळातून जाते, भावाला नाहीतर बहिणीच्या मुलाला. नाव ओहेमा, म्हणजे राणीमाता, सुचवते. वागणूक बिघडली तर प्रमुखाला गादीवरून उतरवतात. एकट्याला धरून भागत नाही. आणि आमदार कशाला? प्रमुखांना पक्षीय राजकारणात उतरायला राज्यघटनेनेच मनाई केलीय.

मृण्मयी: राणीमातेवरून आठवलं. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने आशांतींचं पवित्र सोन्याचं आसन मागितलं, तेव्हा एजिसूची राणीमाता ‘या असांतेवा’ हिने लढा उभारला. आशांतींचा राजा प्रेम्पे १८९६ पासून इंग्रजांच्या कैदेत होता. असांतेवालाही पकडून सेशेल्स बेटांवर धाडलं, तिथेच ती वारली. आपल्या मुलांना हे शिकवायलाच हवं.

सागर_आंबेगाव: ताई, माझ्या जमिनीचं सांगा कुणीतरी.

वकीलसाहेब: कागदावर मुदत किती? १९९२ च्या राज्यघटनेनुसार परदेशी माणसाला एका वेळी ५० वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्टा मिळत नाही.

सागर_आंबेगाव: ९९ लिहिलंय. गाव केप कोस्टच्या बाजूला आहे.

कुमासीवाला: अहो, मग तो फान्टे लोकांचा मुलूख! असांतेहेनेंचा तिथे संबंधच नाही. त्या बाजूला बरीच जमीन गादीची नसून कुळांची, म्हणजे घराण्यांची, असते. तुमची कुळाची निघाली तर कुळप्रमुखाची सही हवी, शिवाय कुळातल्या मुख्य माणसांची संमती. नाहीतर ती पुढे कोर्टात जातात. लँड्स कमिशनमध्ये जमिनीच्या नोंदींचा शोध घ्या, मुदत दुरुस्त करून घ्या.

नाना_पुणे: तरी मी म्हणतो, ओडिक्रोला दुखवू नका.

वकीलसाहेब: दुखवायचं कशाला? कुळप्रमुख कोण, हे त्यालाच विचारा.

सागर_आंबेगाव: शोधाला किती दिवस लागतात? साहेब सोमवारवर अडून बसलेत.