शब्दचर्चा : ‘विनोदी भाकिते’ की टुमांचं वर्षफल?

विचारणा

दर डिसेंबरात इंग्रजीतले वेब डिझायनर पुढच्या वर्षाबद्दल गमतीगमतीत भविष्य वर्तवतात. ‘मागे जायचं बटण शोधायला सोबत नकाशा द्यावा लागेल’, अशा थाटाचं. तसं एक टिपण मला मराठीत लिहायचंय, माझ्यासोबत काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. पण शीर्षकाशीच अडलेय. ‘वेब डिझाइनमधील आगामी ट्रेंड्सविषयी विनोदी भाकिते’ असं लिहिलं, मोठ्यानं वाचलं, तर ते परिपत्रक वाटलं. प्रेडिक्शन, ट्रेंड आणि डिझाइन या तीन शब्दांवर मदत हवी. शिवाय भाकित की भाकीत, तेही सांगा.

उत्तर

शेवटचं आधी. एकवचनात भाकीत, दीर्घ. मराठीत अकारान्त शब्दाचं शेवटून दुसरं अक्षर इकार-उकाराचं असेल तर ते दीर्घ लिहितात, आणि पुढे प्रत्यय किंवा अनेकवचन लागलं की ऱ्हस्व होतं : भाकीत, पण भाकितं, भाकिताचा. ‘गणित’ ऱ्हस्वच राहतं, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. ‘भाकित’ असं चुकून लिहिलं जातं ते बहुधा या दोन्हींच्या ओढीनं.

आता अर्थ. भाकीत वजनदार शब्द आहे. त्याच घरातली ‘भाक’ म्हणजे वचन, आणि ‘करुणा भाकणे’ म्हणजे काकुळतीला येऊन विनवणं. बोललेल्या शब्दाला सांगणाऱ्यानं बांधील राहावं, असा वास या सगळ्या कुटुंबाला आहे. म्हणूनच ‘विनोदी भाकीत’ कानाला खटकतं. ‘अंदाज’ बांधतात, तो चुकला तरी कुणी जाब विचारत नाही. ‘ठोकताळा’ अनुभवातून येतो : अमुक झालं की तमुक होतं. ‘होरा’ जाणकाराचा असतो. हा शब्द मूळचा ग्रीक. वराहमिहिरानं बृहज्जातकात ‘अहोरात्र’ या शब्दाचं पहिलं नि शेवटचं अक्षर गाळून त्याची उपपत्ती दिली आहे, पण इंग्रजीतला ‘अवर’ आणि आपला ‘होरा’ एकाच ग्रीक शब्दाची लेकरं. मला ही गोष्ट फार आवडते.

तुमच्या टिपणातली निम्मी वाक्यं ठोकताळे असतील, असं मला वाटतं. चांगल्या गमतीच्या भविष्यात वाचणारा हसतो तो ‘हे तर होणारच’ हे ओळखून.

उत्तर

आमच्याकडं कोल्हापुरात अजून ‘भाकणूक’ म्हणतात बघा. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, भंडाऱ्यानं सगळा माळ पिवळा होतो, आणि फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला माणसं जीव कानात आणून उभी असतात. पाऊसपाणी, पीक, राजकारण. बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात, तेही पिकापाण्याचं. हे शब्द पोटापाण्याशी बांधलेले आहेत. बटणाच्या रंगासाठी ते वापरू नयेत, असं माझं मत आहे.

त्यापेक्षा पंचांग घ्या ताई. वर्षफल, संक्रांतफल. संक्रांत कशावर बसली, अंगावर काय नेसली, कुठल्या दिशेकडं बघते, हे आपल्या घराघरांत वाचलं जातं आणि त्यावर हसलंही जातं. मृगाचं वाहन बेडूक निघालं की पोरं खूश. एक नमुना :

‘यंदा संक्रांत काचेवर बसून येत आहे. उपवाहन धुकं. अंगावर पारदर्शक वस्त्र, कपाळी फिकट करडा टिळा, हाती बोटानं सरकणारी पट्टी. मोबाइलकडून टीव्हीकडे जात आहे. जिकडे पाहते तिकडची अक्षरं दिसेनाशी होतात.’

विचारणारीचा प्रतिसाद

दादा, हे वाचून आमच्या खोलीत सगळे खळखळून हसले. ‘काच’ कुठून आली हे इतरांसाठी सांगते : जून २०२५ मध्ये ॲपलनं आपल्या फोन-संगणकांच्या पडद्यांचं ‘लिक्विड ग्लास’ हे काचेसारखं नवं रूप दाखवलं, आणि मागचं दृश्य झिरपत असलं की वरचा मजकूर वाचता येत नाही ही तक्रार पहिल्या चाचणी-आवृत्तीपासूनच सुरू झाली. वर्षफल पक्कं. आता ट्रेंडचं काय? ‘कल’ लिहिलं तर निवडणुकीचे कल आठवतात.

उत्तर

ट्रेंडसाठी मराठीत एक शब्द नाही, चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. ही आपली श्रीमंती आहे, ती एका ‘ट्रेंड’मध्ये कोंबू नये. क्रियापद पाहा, म्हणजे करणारा कोण ते कळतं.

टूम ‘काढतात’. म्हणजे कुणीतरी एक माणूस तिचा धनी असतो. वेबवरची याहून चोख टूम मला माहीत नाही : लुकलुकणारी अक्षरं. १९९४ च्या उन्हाळ्यात नेटस्केप या न्याहाळक (ब्राउझर) बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते लू माँटुली यांनी बारमधल्या गप्पांत ती कल्पना बोलून दाखवली, आणि त्यांनीच सांगितल्याप्रमाणे एका सहकाऱ्यानं रात्रीतून ती न्याहाळकात घालून टाकली. मग जगभरची पानं लुकलुकू लागली. फायरफॉक्सनं २०१३ मध्ये ती सोय काढली तेव्हा जवळजवळ दोन दशकं उलटली होती. टूम काढायला एक रात्र पुरते, मोडायला पिढी जाते.

खूळ ‘लागतं’ किंवा ‘डोक्यात शिरतं’. इथे धनी नाही, रोगी आहे. पान खाली सरकवलं की चित्रं वेगवेगळ्या वेगानं पळणार, हे एका काळी सगळ्यांच्या डोक्यात शिरलं होतं. दवाखान्याच्या साइटवरही डोंगर पळायचे.

लाट ‘येते’ आणि ‘ओसरते’. तिच्यापुढे एकट्याचं काही चालत नाही. आयफोनवर २०१० मध्ये पुस्तकांना लाकडी फडताळ होतं, आयपॅडवरच्या दिनदर्शिकेला पुढे कातडी शिवण आली. सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ ही ॲपलची नवी प्रणाली आली आणि लाकूड, कातडं, सावल्या सगळं धुऊन निघालं. मायक्रोसॉफ्टनं सपाट चौकोन त्याआधीच मांडले होते, पुढे २०१४ मध्ये गूगलनंही आपली सपाट पद्धत आणली. ही लाट.

प्रघात ‘पडतो’. यादी (मेन्यू) उघडणारं तीन आडव्या रेघांचं चिन्ह झेरॉक्स स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलं, १९८१ मध्ये. तेव्हा ती टूमही नव्हती, निव्वळ सोय होती. आज आजीसुद्धा फोनवर सांगते, ‘वरच्या तीन रेघांवर दाब.’ त्या चिन्हाचं इंग्रजीतलं ‘हॅम्बर्गर’ हे नाव तिला ठाऊक नाही आणि लागतही नाही. ‘तीन रेघा’ हाच मराठी शब्द, तोच लिहावा.

आणि कुकीजची परवानगी मागणाऱ्या पाट्या? त्या यातल्या कशातच बसत नाहीत. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्या पाट्यांचा पूर लोटला. याला आपल्याकडे ‘ससेमिरा’ म्हणतात. विक्रमाच्या गोष्टीतला शापित राजपुत्र ‘स-से-मि-रा’ एवढंच पुन्हा पुन्हा बोलत राहतो, चार अक्षरांचे चार श्लोक कुणी ओळखेपर्यंत. पाटीही तेच करते, कितीदा ‘नाही’ म्हटलं तरी. ‘परवानगीचा ससेमिरा पुढच्या वर्षीही सुटणार नाही’ हे वाक्य तुमच्या टिपणात जरूर घ्या.

उत्तर

मी अक्षरजुळणीचं काम करतो, म्हणून तिसऱ्या शब्दावर बोलतो. डिझाइनला ‘आरेखन’ हा कोशातला शब्द आहे, पण त्यात मला रेघ दिसते, पान दिसत नाही. ‘सजावट’ म्हटलं की लोक रंग लावून मोकळे होतात. माझं मत ‘मांडणी’ला. ताट मांडतात, संसार मांडतात, हिशेब मांडतात. काय कुठे आणि का, हा विचार त्या शब्दात आहे. ‘वेब डिझाइन’ ज्यांच्या तोंडी बसलंय त्यांनी तेही खुशाल ठेवावं, तो आता आपलाच शब्द झालाय.

आणि देवनागरीचं वर्षफल कुणी सांगायचं? ते मी मनापासून सांगतो, कारण हे दरवर्षी खरं ठरतं आणि दरवर्षी माझा जीव तुटतो. कुणीतरी इंग्रजी मथळ्यासारखी मोकळी अक्षरं हवीत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवेल, आणि शिरोरेषा तुटून शब्दाचे दात पडतील. ओळींची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली जाईल. वरची वेलांटी आणि रफार कापले जातील, खालचा उकार पुढच्या ओळीत घुसेल. मथळे ‘कॅपिटल’ करण्याची आज्ञा तशीच राहील, आणि मराठीत कॅपिटल नाही हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. पानाची भाषा मराठी आहे असं पानाच्या कोडमध्ये लिहायचं राहून जाईल, मग टंकात (फॉन्टमध्ये) मराठी वळण असूनही हिंदी वळणाचा ल आणि श दिसेल. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलेले आहेत. एक ओळ लिहिली असती तर दिसले असते.

विचारणारीचा प्रतिसाद

हे शेवटचं सगळं घेते. मुलांना हसवायला बसले होते, आता त्यांच्याकडून पानाची भाषा सांगणारी ती एक ओळ उद्याच लिहून घेणार आहे. ‘विनोदी’ काढून टाकला. वर्षफल म्हटलं की गंमत त्यातच आली.

शीर्षक असं ठरलं : ‘नव्या टुमांचं वर्षफल : वेबच्या मांडणीवर यंदा संक्रांत कशाची?’

टूम दीर्घ, टुमांचं ऱ्हस्व. बरोबर ना?

उत्तर

बरोबर. भाकीत-भाकितं, तशीच टूम-टुमा.