‘हँड्स-फ्री लिफ्ट पास’ : मराठीत कसं सांगाल?

आर्वी तालुक्यातून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भित्तिपत्रकासाठी माझ्या भाचीने पानभर मजकूर पाठवला आहे. ती ऑस्ट्रियात, साल्झबुर्गच्या पुढे डोंगरातल्या एका हॉटेलात कामाला आहे आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी स्की करायला, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायला जाते. मजकूर छान उतरलाय. फक्त एका वाक्याशी मी चार दिवस अडून आहे : ‘इथे प्रत्येकाकडे हँड्स-फ्री इलेक्ट्रॉनिक लिफ्ट पास असतो.’

सातवीच्या मुलांना वाचून दाखवलं. एकाने विचारलं, ‘बाई, लिफ्ट म्हणजे पाण्याची?’ त्याच्या वावरात उपसा सिंचनाचं पाणी येतं आणि घरात सगळे त्याला लिफ्टच म्हणतात. दुसरीला वाटलं, फाट्यावर गाडीला हात दाखवून मागतात ती. इमारतीतली लिफ्ट वर्गातल्या तिघांनीच पाहिलेली. भाचीची लिफ्ट यांतली कुठलीच नाही, ती स्की करणाऱ्यांना डोंगरावर वर नेणारी. म्हणजे शब्द इंग्रजी ठेवला तरी तो आपल्याकडे कोरा नाही, त्याला आधीच दुसरे अर्थ चिकटलेले आहेत.

‘हँड्स-फ्री’चं त्याहून अवघड. ‘हस्तमुक्त’ लिहून पाहिलं, मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. उलटं करून ‘मुक्तहस्त’ केलं तर अर्थच फिरतो : मुक्तहस्ते म्हणजे सढळ हाताने, जणू कोणी पास वाटत सुटलंय. ‘रिकाम्या हाताने’ म्हटलं की पाहुणा काही न घेता आला. ‘हात मोकळा सोडला’ म्हणजे खर्च वाढला. आपल्याकडे हाताचे वाक्प्रचार इतके आहेत, की नवा अर्थ ठेवायला जागाच सापडत नाही. सुचवा.

दारव्ह्याहून

बाई, आधी ते कार्ड नेमकं करतं काय ते सांगा. मग शब्द पाहू.

आर्वी तालुक्यातून

बरोबर, सर. भाचीला विचारून लिहिते आहे. कार्ड एटीएम कार्डाएवढं. आत एक चिप आणि तिला जोडलेले तारेचे बारीक वेढे. बॅटरी नाही. लिफ्टच्या तोंडाशी फाटक असतं, त्याच्या खांबातून रेडिओ लहरी निघत असतात. माणूस जवळ आला की त्या लहरींमुळेच वेढ्यांत थोडी वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. या क्रमांकाचा पास आज चालू आहे का, हे यंत्र पाहतं. असेल तर फाटक उघडतं. या कार्डांची नेहमीची वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ, आणि अंतर फार तर हातभर.

युरोपात बहुतेक ठिकाणी कार्ड वाचणारा खांब डाव्या हाताला असतो, म्हणून कार्ड डाव्या खिशात ठेवायला सांगतात. त्याच खिशात मोबाइल किंवा चॉकलेटचा चंदेरी कागद ठेवू नका, असंही सांगतात. धातू लहरींच्या आड येतो. अशी फाटकं बनवणारी स्कीडाटा ही कंपनी १९७७ साली त्याच साल्झबुर्गच्या भागात सुरू झाली.

मोर्शीहून

म्हणजे फास्टॅगच झाला ना, मॅडम! मी संत्र्याची गाडी घेऊन नागपूरले नेहमी जातो. काचेवर टॅग, नाक्यावर खिशात हात घालायचं काम नाही. आमच्या गावात आता म्हाताऱ्या माणसालेही टॅग समजते. ‘बर्फावरचा फास्टॅग’ लिहून द्या, पोट्टे लगेच समजतील.

आर्वी तालुक्यातून

दादा, मुलांना सांगितलं आणि अर्ध्याहून अधिक कोडं तिथेच सुटलं. तुमचे आभार. पण नाव म्हणून ठेवायला दोन गोष्टी आड येतात. फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो, गाडीसाठी ते बरोबरच आहे. स्कीचं कार्ड मुद्दाम जवळून वाचतात, नाहीतर बारीत मागे उभ्या असलेल्याच्या कार्डावर पुढच्याचं फाटक उघडायचं. (अमेरिकेत काही ठिकाणी लांबून वाचली जाणारी कार्डंही आहेत, पण तिथे माणूस हातात यंत्र घेऊन एकेकाचा पास तपासतो.) दुसरं असं, की फास्टॅगमधून एरवी प्रत्येक नाक्यावर पैसे कापले जातात. इथे सकाळी एकदा भरले की दिवसभरात कितीदाही वर जा.

शेगावहून

‘बारी’ म्हणालात, बरं वाटलं. भित्तिपत्रकातही लिफ्टसमोरच्या रांगेला बारीच लिहा. दर्शनबारी इकडच्या प्रत्येक लेकराला माहीत आहे.

अचलपूरहून

‘स्पर्शविरहित पास’ कसा वाटतो? सरकारी कागदात चालेल असा आहे.

आर्वी तालुक्यातून

मला तो चुकीचा वाटतो. कोरडा असणं हे एक, पण खरी अडचण अर्थाची आहे. नागपूर मेट्रोचं कार्डही त्या अर्थाने स्पर्शविरहितच, तरी ते खिशातून काढून फाटकाला टेकवावं लागतं. इथे काढायचंच नाही. तो फरक पुसला गेला तर राहिलं काय?

दारव्ह्याहून

एकदा पैसे भरले की कितीदाही, हे फार महत्त्वाचं आहे. माझं थोडं फ्रेंच झालेलं आहे म्हणून सांगतो. फ्रेंच लोक लिफ्ट पासला ‘फोर्फे’ म्हणतात. फोर्फे म्हणजे ठरलेली एकरकमी किंमत. आपण निंदण रोजाने न देता उक्तं देतो, तेच हे. किती बाया आल्या, किती वेळ लागला, याचा हिशोब नाही, वावराचे इतके इतके. त्यांनी डोंगर उक्ता घेतला, असंच म्हणा ना! आणि हँड्स-फ्रीला ते ‘मँ लिब्र’ म्हणतात, म्हणजे हात मोकळे, इंग्रजीसारखंच.

म्हणून ‘तिकीट’ हा शब्द अजिबात नको. तिकीट एका फेरीचं. ‘पास’च ठेवा. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास असतो. निवृत्त झाल्यावर मी सात दिवसांचा घेतला आणि दारव्ह्यापासून कोकणापर्यंत गाड्या बदलत गेलो. दर वेळी खिडकीतून डोंगर बघताना मनात एकच, की आता कुठेही उतरावं, पैशाचा विचार संपला. तुमच्या भाचीला बर्फात हेच वाटत असणार.

घाटंजी तालुक्यातून

मी आठवीपर्यंतच शिकली, पन वाचत असतो तुमचं सगळं. मले एक सांगा बाई, त्या पोरीच्या हातात त्या वेळी काय असते?

आर्वी तालुक्यातून

जाड हातमोजे, ताई, आणि दोन्ही हातांत एकेक काठी. पायात लांब पट्ट्या बांधलेल्या, त्यामुळे तोल काठ्यांवर.

घाटंजी तालुक्यातून

मंग तिचे हात मोकळे कुठं हायेत? गुंतलेले हायेत. कापूस वेचतानी आमी कमरेले ओटी बांधतो, दोन्ही हात बोंडावर. तेवढ्यात कोनी पानी मागतलं तं म्हनतो, माये हात गुंतले, घागर तिथं हाय, घ्या. भाकर थापतानी दार वाजलं तं लेकराले सांगतो, माये हात पिठाचे हायेत, तू उघड. हात मोकळे असते तं कार्ड काढायले काय जाते?

आर्वी तालुक्यातून

ताई, तुमचं हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मी चार दिवस ‘मोकळे’ला शब्द शोधत होते, आणि मराठी माणूस या प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूने बघतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इंग्रजी आणि फ्रेंच म्हणतात, पासमुळे हात मोकळे राहिले. आपण म्हणतो, हात गुंतलेत, म्हणून दाराने आपलं आपण उघडावं. गोष्ट एकच, पण आपल्या तोंडात दुसरी बाजू बसलेली आहे.

मग विशेषण शोधणं सोडलं आणि सरळ वाक्य लिहिलं : ‘हात गुंतलेले असले तरी चालतं, पास काढावा लागत नाही.’ वर्गात वाचलं. पुढच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, ‘म्हणजे फुकट?’

तिचं काहीच चुकलं नाही. आपण तिकीट काढतो, पास काढतो, म्हणजे पैसे देऊन घेतो. कंडक्टर ‘पास काढा’ म्हणाला की खिशातून बाहेर काढतो. क्रियापद एकच, पहिल्यात पास आपल्याकडे येतो, दुसऱ्यात तो आपण दाखवतो. वर्षानुवर्षं दोन्ही अर्थांनी बोलत आले, पण अडखळले कधी नाही, कारण प्रसंगावरून कळतं. ऑस्ट्रियातल्या बर्फाचा प्रसंग मात्र आमच्या मुलांच्या ओळखीचा नाही, तिथे शब्दालाच सगळं सांगावं लागतं. आता ‘खिशातून काढावा लागत नाही’ असं लिहिलं आहे.

अचलपूरहून

पटलं. माझी सूचना मागे घेतो. पण लिफ्टचं काय ठरवलंत? ‘उद्वाहक’ आणि ‘रज्जुमार्ग’ दोन्ही शब्द कागदोपत्री आहेत.

आर्वी तालुक्यातून

उद्वाहक इमारतीतला, तो इथे बसत नाही. रज्जुमार्ग अर्थाने बरोबर, पण रायगडावर जाऊन आलेला माणूसही ‘रोप-वेने गेलो’ असंच म्हणतो. स्कीच्या डोंगरावर मात्र तीन तऱ्हा असतात. बंद डबे असतात, गुलमर्गच्या गोंडोलासारखे. उघड्या खुर्च्या असतात, त्यांवर पाय लोंबकळत बसायचं. आणि तिसरी तऱ्हा अशी, की माणूस बर्फावरच उभा राहतो आणि वरून फिरणारी दोरी त्याला ओढत नेते. तिसरीला रोप-वे म्हणणं मला थोडं ओढून ताणून वाटतं, पण भित्तिपत्रकाच्या चौकटीत एवढी जागा नाही. रोप-वे ठेवते आणि खाली तिन्हींची चित्रं मुलांकडून काढून घेते.

मजकूर आता असा झालाय :

‘ताईच्या डाव्या खिशात एक पास असतो. दोन्ही हात काठ्यांत गुंतलेले असतात. बारी पुढे सरकते, ती फाटकाशी येते, पास खिशातच राहतो आणि फाटक आपोआप उघडतं. सकाळी एकदा पैसे भरले की दिवसभर रोप-वेने कितीदाही वर जाता येतं.’

वर मथळा ‘खिशातला पास’. हा एका मुलाने दिला, त्यावर मी काही हात फिरवलेला नाही.

मोर्शीहून

झकास. फास्टॅगची एक ओळ तरी राहू द्या, मॅडम.

आर्वी तालुक्यातून

राहिली आहे, दादा. कार्ड कसं चालतं त्या चौकटीत पहिलंच वाक्य तुमचं आहे.

घाटंजी तालुक्यातून

खिशातला पास, हे चांगलं हाय. पन बाईच्या कपड्याले तिकडं खिसा असते का?

आर्वी तालुक्यातून

असतो, ताई. मीही भाचीला हेच विचारलं होतं. तिने जॅकेटचा फोटो पाठवला. डाव्या बाहीवर, मनगटाच्या थोडं वर एक छोटा खिसा शिवलेला आहे, चेनचा, बरोबर एका कार्डाएवढा. तो या पासासाठीच असतो.