सांगलीच्या विश्रामबागमधील घरभाडे: करार अकरा महिन्यांचाच कशासाठी?

भाडेकरू, विश्रामबाग:
२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. ते ज्यांनी पाहिले, त्यांना उंचावरच्या विश्रामबागेत घर हवे असणे स्वाभाविक आहे. त्यात वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांचे विद्यार्थीही याच परिसरात खोल्या शोधतात, त्यामुळे येथे भाडे अधिक असणार, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप दर अकरा महिन्यांनी होणाऱ्या वाढीला आहे. १२,००० रुपयांचे भाडे प्रत्येक नव्या कराराला दहा टक्क्यांनी वाढले, तर पाचव्या नूतनीकरणात ते १९,००० च्या पुढे जाते. नोकरदाराचा पगार त्या गतीने वाढत नाही. वर्षभराहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार आपल्याकडे भाडेकरार लेखी करून नोंदवावाच लागतो. मग तीन वर्षांचा करार करून वार्षिक वाढ त्यातच का लिहू नये?

घरमालक, शंभर फुटी रस्ता:
आमच्यासारख्या निवृत्तांचे घर भाड्यावरच चालते. घरपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च आणि प्रत्येक भाडेकरू गेल्यावरचे रंगकाम आम्हालाच करावे लागते. तीन वर्षांनंतरचा खर्च मी आज कसा ठरवावा? उद्या मुलगा पुण्याहून परत आला, तर घर वेळेवर रिकामे होईल याची हमी कोण देणार?

भाडेकरू, विश्रामबाग:
स्वतःच्या वापरासाठी घर हवे असल्यास दोन महिन्यांची नोटीस, अशी अट घालता येते. लिव्ह अँड लायसन्स कराराची (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याच्या कराराची) मुदत संपूनही कोणी घर अडवले, तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट शुल्कही मागता येते.

पालक, मिरज:
मला ही तडजोड पटत नाही. दोन महिन्यांत घर सोडावे लागणार असेल, तर तीन वर्षांच्या करारातून भाडेकरूला काय मिळाले? नोटीस डिसेंबरात आली, तर मुलांच्या शाळेचे वर्ष मध्येच विस्कटते. माझ्या मते भाड्यापेक्षा हीच चिंता मोठी आहे.

भाडेकरू, विश्रामबाग:
आपला आक्षेप योग्य आहे. नोटीस केव्हाही दिली, तरी घर शालेय वर्ष संपल्यावर, म्हणजे मे महिन्यातच सोडावे, असे करारात लिहिता येईल.

घरमालक, शंभर फुटी रस्ता:
मे महिन्याची अट मला मान्य आहे, कारण विद्यार्थ्यांची मागणीही त्यानंतरच येते. मात्र दहा टक्क्यांची वाढ मी कमी करणार नाही.