एम.एस्सी. कृषी: कीटकशास्त्र घेऊ की वनस्पती रोगशास्त्र? मदत हवी आहे

रानपाखरू

नमस्कार मंडळी. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रावे, म्हणजे गावात राहून प्रत्यक्ष काम शिकायचं सत्र, संपलं, आता एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. पीक संरक्षणातच पुढे शिकायचं हे नक्की, पण कीटकशास्त्र की रोगशास्त्र, इथे घोडं अडलंय.

घरी कोरडवाहू कपाशी आणि तूर. रावेसाठी ज्या गावात होतो तिथे मिरची-टोमॅटोही बऱ्यापैकी. सकाळी गावात पोचलो की कुणीतरी हातात फांदी घेऊन उभं असायचंच. "मॅडम, यावर काय मारू?" एका काकांच्या मिरचीची पानं गोळा झाली होती. दुकानातून आधी कीटकनाशक मिळालं, मग बुरशीनाशक, मग दोन्ही एकत्र आणि वर एक टॉनिक. फरक काही पडेना, उधारी तेवढी वाढली. ते नेमकं कशामुळे होतं हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. मला ते सांगता यायला हवंय. पण त्यासाठी कोणत्या विभागात जायचं तेच कळत नाही, कारण आमच्याकडे कीड एका विभागाची आणि रोग दुसऱ्याचा.

दोन वर्षांत प्रत्यक्ष काय काम असतं, ते कुणी खरंखुरं सांगेल का? अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचली आहे, ती नको. नोकऱ्या कशात जास्त? बाबा म्हणतात, बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याची आयबीपीएसची परीक्षा दे आणि मोकळी हो. अळ्यांची किळस येत नाही, बुरशीचीही नाही, त्यामुळे त्या निकषावर निर्णय होत नाहीये.

फुलकिडा

कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, सध्या एका कंपनीच्या चाचणी प्रक्षेत्रावर काम करतो. पुस्तिकेत नसतं ते सांगतो.

पहिल्या सेमिस्टरला कीटकांची बाह्यरचना आणि वर्गीकरण. पंखांच्या शिरा, मिशांचे प्रकार, पायांचे सांधे. बी.एस्सी.ला तू इन्सेक्ट बॉक्स केला असशील, टाचण्या टोचून, डांबरगोळ्या ठेवून. तेच काम, पण आता सूक्ष्मदर्शकाखाली आणि कुळापर्यंत ओळख पटवून. काहींना याचं वेड लागतं, बाकीचे दिवस मोजतात. तू कुठल्या गटातली ते पहिल्या महिन्यात कळेल.

मग थिसिस. बहुतेकांच्या नशिबी येतो तो फवारणीचा प्रयोग: सात-आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन (म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट तीनदा), प्रत्येक प्लॉटमध्ये पाच झाडांना खुणेच्या पट्ट्या. फवारणीच्या आदल्या दिवशी कीड मोजायची, नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी पुन्हा. कपाशीवरचे तुडतुडे मोजायचे तर वरचं, मधलं, खालचं पान हलक्या हाताने उलटायचं, तेही सकाळी लवकर. ऊन चढलं की ते तुझ्यासाठी थांबत नाहीत. दिवाळीत होस्टेल रिकामं होतं आणि तू प्लॉटवर असतेस.

यात एक मोठा धोका आहे, तो कुणी आधी सांगत नाही. कीड आलीच नाही तर? दोन वर्षांच्या पदवीत खरीप मिळतो एक, फार तर दोन. पाऊस विचित्र पडला, कीड कमी राहिली, की सगळ्या ट्रीटमेंट सारख्याच दिसतात. मग गाईड म्हणतात, रब्बीत हरभऱ्यावर घाटेअळी बघू.

मोरचूद

फुलकिडा यांनी आमच्या विभागाची जाहिरातच करून ठेवली. :) रोगशास्त्रात निदान रोग 'आणता' येतो. सिक प्लॉट असतो, म्हणजे मर रोगाची बुरशी वर्षानुवर्षं पोसलेली जमीन. तिथे तूर लावली की मर येणारच. कुंडीत कृत्रिम लागण करता येते. बराचसा थिसिस प्रयोगशाळेतही होतो: बटाटा-डेक्स्ट्रोजचं माध्यम शिजवायचं, ऑटोक्लेव्हला १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं, त्यात बुरशीनाशक मिसळून प्लेटा ओतायच्या, मधोमध बुरशीचा तुकडा ठेवायचा आणि ती किती मिलिमीटर पसरते ते रोज मोजायचं. किंवा एका प्लेटमध्ये एका बाजूला रोगाची बुरशी, दुसऱ्या बाजूला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, आणि कोण कुणावर चढतं ते बघायचं. हा भाग मला अजूनही आवडतो.

पण म्हणून हे सोपं नाही. रोगट पानातून हवी ती बुरशी वेगळी काढायची असते आणि प्लेटमध्ये उगवते भलतीच. लॅमिनारमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, कितीही काळजी घ्या, अ‍ॅस्परजिलस या आगंतुक बुरशीला निमंत्रण लागत नाही. शुद्ध कल्चर मिळालं की ते निरोगी झाडाला टोचायचं, तीच लक्षणं दिसली पाहिजेत, आणि त्या झाडातून पुन्हा तीच बुरशी वेगळी करता आली पाहिजे. कॉखची ही तत्त्वं बी.एस्सी.ला दोन मार्कांसाठी पाठ केली असशील. इथे त्यात अख्खं सेमिस्टर जातं.

आता तुझ्या काकांची मिरची. पानं वरच्या बाजूला, होडीसारखी वळली असतील तर आधी फुलकिडे बघायचे. कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखं, देठ लांबलेला, तर कोळी. शिरा जाड, पान बारीक, झाड खुजं आणि आसपास पांढरी माशी, तर विषाणू. यातल्या एकालाही बुरशीनाशक लागू पडत नाही. कोळी हा कीटकच नाही, त्यामुळे बरीच कीटकनाशकंही त्याच्यावर चालत नाहीत, कोळीनाशक लागतं. आणि विषाणूला तर औषधच नाही. रोगट झाड उपटायचं आणि पांढरी माशी आवरायची, एवढंच हातात.

म्हणजे बघ, 'रोग' आमच्या विभागाचा, पण तो पसरवणारी माशी फुलकिडा यांच्या विभागाची. तुरीचा वांझ रोग तसाच: विषाणू आमचा, तो वाहून नेणारा कोळी साध्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकचंही तेच. कुठेही गेलीस तरी दुसऱ्या विभागाचे पेपर ऐच्छिक म्हणून घे.

दुकानदार काका

धाग्यात आल्याआल्या दुकानदार झोडला गेलाय म्हणून लिहितो. माझं कृषी सेवा केंद्र आहे, स्वतः कृषी पदवीधर आहे. पदवी नसलेल्या जुन्या विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा 'देसी' हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम असतो, तो आमच्या तालुक्यात अनेकांनी केलाय. तेव्हा सगळेच अडाणी नसतात.

शेतकरी येतो तो काय घेऊन? शेंड्याची एक फांदी, तीही खिशात चुरगळलेली. मूळ नाही, माती नाही, आधी काय फवारलं ते आठवत नाही. मागे चार गिऱ्हाइकं उभी. मी म्हणालो की आज काही मारू नका, उद्या शेतावर येऊन बघतो, तर तो पलीकडच्या दुकानात जाऊन तीन बाटल्या घेऊन येतो. 'काही मारू नका' हा सल्ला विकत घेणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. विद्यापीठात हेही शिकवा.

फुलकिडा

काका, मान्य. पण २०१७ साली यवतमाळला काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देईना, कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र करून फवारे चाललेले. एकट्या त्या जिल्ह्यात विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर तरी लेबल वाचायला शिकवणं हा पोरांच्या अभ्यासाचा मुख्य भाग व्हायला हवा होता. विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण, तणनाशकाचा पंप वेगळा, कोणतं औषध कोणत्या गटातलं. तो भाग अजूनही घाईत उरकला जातो, असं माझं मत.

रानपाखरू, कीटकशास्त्र घेतलंस तर बोंडअळीचा निकष तोंडपाठ ठेव, तोंडी परीक्षेत हमखास येतो: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, किंवा दहा टक्के फुलं वा बोंडं किडलेली. त्याच्या आत फवारणी नाही.

तालुक्याचा माणूस

कृषी खात्यात आहे, नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

बँकेच्या परीक्षेला आणि लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेला बी.एस्सी. पुरते. तिथे एम.एस्सी. कोणत्या विषयात केलंय याला महत्त्व नाही. बाबांचं म्हणणं त्या अर्थी व्यवहार्य आहे, पण ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

विषयाला किंमत असलेल्या जागा वेगळ्या. प्राध्यापकी किंवा कृषी विज्ञान केंद्रातली विषय विशेषज्ञाची जागा. संगरोध सेवा, म्हणजे क्वारंटाइन: फरिदाबादच्या संचालनालयाखाली बंदरं आणि विमानतळांवर केंद्रं असतात, तिथे आयात-निर्यातीच्या मालाची तपासणी होते. मालात राहिलेल्या औषधांच्या अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळा. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अवशेष सापडून कंटेनर अडकले, तेव्हापासून नाशिक-सांगलीकडे अवशेष या विषयाकडे कुणी दुर्लक्ष करत नाही. हा विषय कीटकशास्त्रातून जास्त जवळचा. कंपन्यांची चाचणी प्रक्षेत्रं दोघांनाही घेतात. जैविक निविष्ठांचे कारखाने, म्हणजे ट्रायकोडर्मा, मेटारायझियम वगैरे, रोगशास्त्रवाल्यांना आधी बोलावतात, कारण त्यांना बुरशी शुद्ध ठेवता येते.

आमच्या खात्यात क्रॉपसॅप आहे. २००८च्या सोयाबीनवरच्या अळ्यांच्या उद्रेकानंतर सुरू झालेला कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प. एम.एस्सी.च्या काळात अशा सर्वेक्षणाच्या लोकांबरोबर थोडं हिंडलीस तर डोळा तयार होतो.

लिंकनवासी

अवांतर होईल, पण मूळ प्रश्नाला धरून आहे. मी अमेरिकेत नेब्रास्कात असते. इथल्या विद्यापीठात 'डॉक्टर ऑफ प्लांट हेल्थ' अशी पदवी आहे, फ्लोरिडा विद्यापीठात 'डॉक्टर ऑफ प्लांट मेडिसिन'. कीटक, रोग, तण, माती सगळं एकत्र, शोधप्रबंधाऐवजी इंटर्नशिप. तुला हवंय ते अगदी हेच. पण फी मोठी आणि भारतात परतल्यावर ही पदवी कोणत्या चौकटीत बसवायची ते कोडं, म्हणून मी स्वतः मुकाट्याने रोगशास्त्राच्या पीएच.डी.ला गेले.

देशात बघायचं तर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वनस्पती संरक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेची प्रशिक्षणं नजरेत ठेव. एम.एस्सी. कशातही कर, दोन्ही बाजू शिकायची ती चांगली जागा आहे.

रानपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदार काका, तुमच्यावर रोख नव्हता. 'काही मारू नका' सांगायची हिंमत यावी म्हणूनच तर शिकायचंय.

मोरचूद सरांचं वाचून मन रोगशास्त्राकडे झुकतंय. अजून दोन शंका. कपाशीवरचा लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, कुणाकडे जातो? आमच्या रानात दरवर्षी येतो आणि त्यावरही फवारेच होतात. आणि दुसरं, प्रवेशाआधी गाईड कसा आहे, विभाग कसा आहे, हे कळायचा काही मार्ग असतो का?

मोरचूद

'सर' नको, दादा म्हण. लाल्या तांत्रिकदृष्ट्या दोघांचाही नाही. बोंडं भरायच्या वेळी मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, रात्री गार झाल्या, की पान लाल होतं. ती विकृती. पण तुडतुड्यांनी रस शोषल्यावरही कडा लाल होतात आणि पान खाली वळतं. म्हणून आधी पान उलटून तुडतुडे आहेत का बघायचं. नसतील तर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी आणि पुढच्या वर्षी लागवडीआधी माती परीक्षण. बुरशीनाशक अजिबात नाही.

प्रवेशाचं म्हणशील तर आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) परीक्षेत या दोन विषयांचे गट वेगळे आहेत, तेव्हा फॉर्म भरतानाच ठरवावं लागेल. माहितीपुस्तिका नीट बघ.

फुलकिडा

गाईडबद्दल माझ्याकडून. 'कृषिकोश' नावाच्या संकेतस्थळावर देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध असतात. हव्या त्या विभागाचे मागच्या काही वर्षांचे उघड. प्रस्तावना वाचू नकोस, ती सगळ्यांची सारखीच असते. दोन गोष्टी बघ. एकाच गाईडकडे दरवर्षी तोच विषय, फक्त औषधांची नावं बदललेली, असं दिसलं तर सावध हो. आणि तक्त्यांत कंट्रोलची ओळ बघ, म्हणजे काहीच न फवारलेला प्लॉट. तिथेच कीड किंवा रोग नगण्य असेल तर त्या प्रक्षेत्रावर प्रयोग नीट उभा राहत नाही, मग गाईड कितीही चांगला असो. चार-पाच प्रबंध चाळून इथे लिही, मग पुढचं बोलू.